तिखाडीवाले नाना

नाना माणसाला आधी हुंगायचे आणि मग रामराम करायचे. पहिल्यांदा भेटणारा दचकायचा. मीही दचकले होते. शहरातल्या औरंगपुऱ्यात, एका काष्ठौषधीच्या दुकानात, ओव्याच्या आणि हिरड्याच्या पोत्यांच्या मधल्या बोळकांडीत, धोतर-टोपीतला एक उंच म्हातारा माझ्याजवळून जाता जाता थांबला. नाक वर करून त्याने एक श्वास घेतला आणि म्हणाला, "रामराम. दवाखान्यातल्या का तुम्ही? हाताला स्पिरिटचा वास येऊ ऱ्हायला."

मी दवाखान्यातली नव्हते. सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि प्रयोगशाळेतलं टेबल पुसायचं स्पिरिट दिवसभर हाताला असायचं. पण मी नुसतीच हसले. नाही म्हणाले नाही. त्या दिवसापासून नानांसाठी मी 'डाक्टरीणबाई' झाले आणि पुढची तीन वर्षं मी ते होऊ दिलं. घरी, शेतकरी नात्यागोत्यात, मी एवढी वर्षं काय शिकते आहे हे कुणाला कळत नव्हतं, लग्नकार्यात भेटलेल्या मावश्या "अजून कॉलेजातच का?" म्हणायच्या. डाक्टरीणबाई म्हटलेलं कानाला बरं वाटायचं. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

माझा विषय होता वनस्पतींची सुगंधी तेलं. त्यात कोणकोणती द्रव्यं असतात आणि ती जंतूंना मारतात का, हे पाहायचं. त्या दिवशी माझ्या पर्समध्ये तिखाडीच्या तेलाची एक बाटली होती. तिखाडी म्हणजे आपल्याकडच्या डोंगरांवर वाढणारं, गुलाबासारखा वास असलेलं गवत. बाटली मी एका व्यापाऱ्याकडून घेतली होती, आणि तेलातली द्रव्यं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या आमच्या यंत्राने तिच्या आलेखात भलतंच एक टोक काढून दाखवलं होतं. मार्गदर्शक सरांची बोलणी खाऊन मी दुसरं तेल शोधत फिरत होते. नानांनी ती बाटली मागितली, टोपण उघडलं, लगेच लावलं आणि परत दिली. "असल नाय. रंगाऱ्याचं टर्पेंटाईन घातलंय. तेल कधी खोटं बोलत नाय बाई, बाटली बोलती." दोन दिवसांनी यंत्राचा सविस्तर अहवाल आला, त्यात टर्पेंटाईनच निघालं.

मग मी नानांची भट्टी शोधत गेले. शेंद्र्याच्या कारखान्यांपलीकडे, ओढ्याच्या काठाला, त्यांच्या घरामागेच ती होती. एक मोठं लोखंडी पिंप, त्याला जोडलेली नळी, नळी बुडवायला दगडी हौद आणि शेवटी तेल धरायला डबा. नाना धनगराच्या घरातले. पोरपणी मेंढरांमागं फिरताना डोंगरावरचं गवत न् गवत त्यांच्या ओळखीचं झालेलं. पुढे चराईची रानं कारखान्यांत गेली, मेंढरं विकली गेली, मुलगा विलास शेंद्र्याच्या एका कंपनीत लागला. नाना मात्र तिखाडीला धरून राहिले. पावसाळा सरताना फुलोरा लालसर झाला की ते आणि त्यांच्या पत्नी, काकू, डोंगरावर जायचे, गवत कापून आणायचे, दोन दिवस सावलीत सुकवायचे. पिंपाचं झाकण काकू कणकेने लिंपून घ्यायच्या, म्हणजे वाफ बाहेर जात नसे. वाफ नळीतून हौदात थंड होऊन डब्यात उतरायची आणि पाण्यावर तेलाचा पिवळसर थर धरायचा.

"गवताला घाई चालत नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. जाळ मोठा करायला गेलं की हात धरायचे. एकदा मला म्हणाले, "पहिल्या तासाचं तेल येगळं, मागचं येगळं. पहिलं उडतं, पोरासारखं. मागचं टिकतं." मी सहज म्हणून तासातासाच्या बाटल्या वेगळ्या भरून नेल्या आणि यंत्रावर चालवल्या. नाना म्हणाले तसंच निघालं. लवकर उडून जाणारी हलकी द्रव्यं पहिल्या बाटलीत, जड द्रव्यं मागच्यांत. माझ्या प्रबंधातला सगळ्यात वाखाणला गेलेला तक्ता तो. त्याच्याखाली नानांचं नाव नाही. आभाराच्या पानावर 'स्थानिक पुरवठादार' असे दोन शब्द आहेत. तेव्हा मला तेही उदारपणाचंच वाटलं होतं.

नानांना एकदा प्रयोगशाळा पाहायची होती. आले ते धुतलेलं धोतर नेसून, आणि चपला खालीच, पायरीशी काढून. मी त्यांना काचेच्या बशा दाखवल्या. बशीत जंतूंचं पोषण होईल असा जिलेटिनसारखा थर, त्यावर जंतूंची दाट साय आणि मधोमध कागदाची एक टिकली. टिकलीला नानांचं तेल लावलेलं. तिच्याभोवती जंतू वाढलेच नव्हते, स्वच्छ गोल राहिला होता. नाना वाकून किती तरी वेळ बघत होते.

"चंद्राला पडतं तसं खळं पडलंय की," ते म्हणाले. "एवढ्यातले समदे मेले?"

"समदे."

"हे कशाचे जंतू?"

"जखमेत पू करतात ना, त्यांतले."

नानांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली. "म्या जिंदगीभर हे तेल इकलं, गुडघ्याला अन् मच्छरायला. ह्यात एवढी ताकद आहे हे मला कुणी सांगितलं नाय." त्यांचे डोळे भरून आले होते. त्या क्षणी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. ते वाक्य मला पाठ होतं, माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात लिहिलेलंही होतं: हे बशीतलं आहे, माणसातलं नाही. पण एका म्हाताऱ्या माणसाचा आनंद पाहताना मला मीच फार मोठी वाटत होते. मी बोलले नाही.

दिवाळीला मी त्यांना भेट म्हणून त्या बशीचा रंगीत फोटो छापून दिला. खाली इंग्रजीत जंतूंची नावं आणि 'वाढ रोखते' अशा अर्थाची ओळ. नाना म्हणाले, "सही करा. बिनसहीचा कागद म्हंजी बिनटोपणाची बाटली." मी सही केली. ते कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "डाक्टर नाय लिवलं?" माझी तोंडी परीक्षा अजून व्हायची होती. तरी मी हसत हसत नावाआधी 'डॉ.' लिहिलं. नानांनी तो कागद देवांच्या तसबिरी बनवणाऱ्याकडून काचेत मढवून घेतला आणि घरात दारासमोरच लावला.

पुढच्या पावसाळ्याअखेरची गोष्ट. या तेलावरचा माझा लेख एका नियतकालिकाने परत पाठवला होता. तेलाचा नवा नमुना घेऊन प्रयोग पुन्हा करा, म्हणून. मी घाईत नानांकडे गेले. नाना ओसरीवर पाय पुढे करून बसले होते. डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. भट्टीजवळच्या निखाऱ्यावर पाय पडला होता आणि त्यांना कळलंच नव्हतं. साखरेच्या आजारामुळे त्यांच्या पावलांना बधिरपणा आला होता, गोळ्या ते आठवण झाली तर घ्यायचे.

काकू आतून पाणी घेऊन आल्या. एरवी त्या माझ्याशी फार बोलत नसत. त्या दिवशी पाण्याचा तांब्या माझ्या हातात देता देता म्हणाल्या, "बाई, यांना सांगा की. दवाखान्यात चला म्हणून आठ दिवस झाले मागं लागले. विलास बी बोलून थकला. तुमचं ऐकतेत."

"दवाखाना कशाला?" नाना म्हणाले. "कागद काय म्हणतो? पू करणारे जंतू मरतेत. असल तेल लावू ऱ्हायलो, रोज दोन टाईम. डाक्टरीणबाई, भरंल ना घाव?"

त्यांनी फडकं सोडलं. करंगळीच्या मुळाशी काळपट जखम होती, कडा सुजलेल्या. सगळ्या ओसरीत तिखाडीचा दरवळ होता, इतका की दुसरा कुठलाही वास येत नव्हता. मला जखमेचा वास येत नव्हता, पण नानांना? बाटलीतलं टर्पेंटाईन एका श्वासात ओळखणाऱ्या त्या नाकाला आपल्याच पायाचा वास लागला नाही, कारण त्यांचंच तेल त्यावर पांघरलेलं होतं. हे मला फार नंतर सुचलं. त्या वेळी माझं अर्धं लक्ष डब्यातल्या तेलावर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना नमुना द्यायचा होता.

"साखर एकदा तपासून घ्या, नाना," मी म्हणाले. "तेल... लावा, पण खोबरेलात पातळ करून."

"आईक," नाना काकूंना म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाटली भरून घेतली आणि निघाले.

तीन आठवड्यांनी विलासचा फोन आला. नानांना ताप भरला, भ्रम झाला, तेव्हा त्याने त्यांना उचलून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. मी गेले. वॉर्डच्या दाराशी विलास उभा होता, कंपनीचा गणवेश अंगावर तसाच.

"डॉक्टर म्हणाले, महिन्याआधी आणलं असतं तर बोटावर भागलं असतं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मॅडम, एक काम करा. तो कागद भिंतीवरून काढायला सांगा त्यांना. आम्हाला हात लावू देत नाहीत. शुद्धीवर आल्या आल्या म्हणाले, तेल घेऊन ये, टाक्याला लावू."

मी आत डोकावले. नानांना झोप लागली होती. चादर एका बाजूला जिथे उंच असायला हवी तिथे सपाट होती. मला काय वाटलं ते खरं सांगायचं तर, ते झोपलेले आहेत म्हणून मला हायसं वाटलं. मोसंब्यांची पिशवी विलासच्या हातात देऊन मी परत फिरले. त्याच आठवड्यात माझा लेख स्वीकारल्याचं पत्र आलं होतं.

मला त्यांच्याकडे जायला दीड महिना लागला. मधल्या काळात तोंडी परीक्षा झाली, नावाआधीचं ते अक्षर खरं झालं, पेढे वाटले गेले. शेवटी एका रविवारी मी गेले. नाना खाटेवर बसले होते, बाजूला कुबड्या. मला पाहून नाक वर केलं. "आज स्पिरिट नाय," म्हणाले.

मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. "नाना, मी डॉक्टर नाही."

"मंग?"

"म्हणजे आता झाले, पण ती पदवी वेगळी. माणसं तपासायची नाही. मला जखमेतलं काही कळत नाही."

"कागदावर तर लिवलंय."

"लिहिलं. लिहायला नको होतं."

चुलीजवळ काकूंचा हात थांबलेला मला दिसला. मग नानांनी विचारलं, "अन् ते जंतू मेले ते? ते बी खोटं का?"

"ते खरं."

"मंग?"

"बशीत जंतू एकटेच असतात, नाना. तेल थेट त्यांच्यावर पडतं. पायात मांस असतं, तुमची साखर असते, रक्त नीट पोचत नाही, जंतू आत हाडापर्यंत जातात आणि तेल वरच राहतं. वरून निखळ तेल लावलं तर कातडी उलट भाजते. बशीत मरतं ते माणसात मरेलच असं नसतं. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात."

"पहिल्याच वर्षी," नाना म्हणाले. माझ्या सगळ्या बोलण्यातलं त्यांनी तेवढंच उचललं. मग म्हणाले, "म्हंजी तुमचं बी खरं, माझं तेल बी खरं, अन् पाय मातर गेला."

मी भिंतीवरचा कागद काढला आणि फाडायला गेले. "फाडू नका," ते एकदम जोरात म्हणाले. "काचेतून काढा. मागल्या बाजूला लिवा. मराठीत लिवा, इंग्रजी इथं कोण वाचतं?" आणि त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: हे तेल काचेत जंतू मारतं. माणसाच्या जखमेला लावू नये. जखम झाली की दवाखान्यात जावं.

"सही करा."

मी पेन टेकवलं आणि थांबले. नाना म्हणाले, "नुसतं नाव."

तो कागद उलटा करून पुन्हा काचेत गेला, पुन्हा त्याच खिळ्यावर. मला वाटलं, झालं. पण नानांचं झालं नव्हतं. "कागद बघून पाच-सहा जणांनी तेल नेलंय, जखमेला म्हणून. म्याच दिलंय. त्यांच्याकडं जाऊन सांगावं लागंल. तुम्ही येता का?"

पुढच्या रविवारी आम्ही रिक्षा केली. नाना कुबड्या आडव्या धरून बसले, मी शेजारी. पहिलं घर छावणीच्या बाजारातल्या एका शिंप्याचं. त्याच्या नडगीची जखम आपोआपच भरली होती. तो उलट तेलाचे गुण गायला लागला. नानांनी त्याला थांबवलं, धोतर बाजूला करून कापलेला पाय दाखवला आणि म्हणाले, "हे बी त्याच तेलाचं हाय, उस्ताद." मशीनमागून उठून त्याने नानांना बसायला स्टूल दिलं. दुसऱ्या घरी बाटली उघडलीच नव्हती. ती नानांनी परत घेतली. दोन्हीकडे नाना एवढंच म्हणाले, "माझं चुकलं. नीट माहिती नसताना दिलं." माझ्याकडे बोट दाखवलं नाही, माझी ओळखही करून दिली नाही. मी कुबड्या धरायला आणलेल्या बाईसारखी मागे उभी होते.

तिसरं घर त्यांच्याच गावातलं. दारात आलेली बाई नानांचं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "सासूच्या पाठीला लावत होते, झोपून झोपून झालेल्या जखमांना. ती गेली श्रावणात. आता सांगता व्हय?" नानांनी तिच्यापुढे मान खाली घातली. तेव्हा कुठे मी पुढे झाले. "ताई, त्यांची चूक नाही. तो कागद मी दिला होता. जखमेला चालत नाही हे मला माहीत होतं, मी सांगितलं नाही." ती माझ्याकडे पाहत राहिली. "तेलानं गेली का वयानं गेली, कुणाला ठाऊक," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

रिक्षात बसल्यावर नानांनी कुबड्या मांडीवर आडव्या घेतल्या. नंतर म्हणाले, "बोललात ते बरं केलं. मला वाटलं, बोलता का नाय." उरलेल्या घरांत आम्ही दोघंही बोललो.

त्यानंतर नानांनी भट्टी लावली नाही. डोंगरावर जाणं शक्य नव्हतं आणि विकतचं गवत त्यांना पसंत पडत नसे. मला शहरातल्या एका महाविद्यालयात नोकरी लागली. मुलाखतीत त्याच लेखाचं कौतुक झालं. मी अधूनमधून जायचे. ते मला आता 'बाई' म्हणायचे, नुसतंच बाई. माझ्या विद्यार्थ्यांबद्दल विचारायचे. "त्यांना पहिल्याच वर्षी शिकवता ना ते?" म्हणायचे. टोमणा नसायचा त्यात, खरंच विचारायचे. मी शिकवते. मुलं बशीतल्या गोलाला पट्टी लावून मापं घेतात, खुशीत येतात, एकमेकांना दाखवतात. मी त्यांना एका माणसाच्या पायाची हकिकत सांगते. कागद कुणी दिला तेही सांगते.

दोन वर्षांनी नानांची मूत्रपिंडं थकली. शेवटच्या आठवड्यात विलासचे दोन फोन येऊन गेले, मी परीक्षांच्या कामात होते, उद्या करू म्हटलं. तिसरा फोन ते गेल्याचा होता.

दहाव्याला माणसांची गर्दी होती, म्हणून मी चार दिवसांनी एकटीच गेले. काकू ओसरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या समोर बसले आणि जे इतके दिवस त्यांना, फक्त त्यांना बोलले नव्हते ते बोलले. "काकू, तुम्ही त्या दिवशी मला सांगितलं होतं. मी नानांना दवाखान्यात जा म्हणाले असते, तर ते गेले असते."

"गेले असते," काकू म्हणाल्या.

"मला माफ करा."

त्या लुगड्याच्या पदराशी चाळा करत होत्या. मग त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "त्यांनी केलं तुम्हाला माफ. त्यांचं मन तसंच होतं. म्या नाय केलं, बाई. करावं वाटलं, पण व्हत नाय. खोटं कशाला बोलू?"

मी मान हलवली. मी उठायला लागले, तर त्या म्हणाल्या, "बसा. चहा ठेवते. अन् येत जावा. त्यांच्याबद्दल बोलायला इथं कुणी नाय. विलास कामावर असतो. पण म्या कधी तरी माफ करीन, ह्या आशेनं येऊ नका."

याला आता चार वर्षं झाली. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी मी जाते. काकू चहा करतात, साखर माझ्याच कपात घालतात, आणि नाना कुठल्या डोंगरावरचं गवत आधी कापायचे ते मला सांगतात. मी ऐकते. निघताना त्या "या" म्हणतात. दुसरं काही म्हणत नाहीत, आणि मीही विचारत नाही.